क्लिक तुमचं, मग खिडकी अडवतं कोण?

अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनच्या आसपास झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन अर्ज अशी सगळी कामं एकाच टेबलावर उरकणारी दुकानं आहेत. तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकांचं एक ठरलेलं काम म्हणजे सातबारा काढणं. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर विभाग कोकण, जिल्हा ठाणे, तालुका अंबरनाथ निवडायचा. मग गाव, समजा वांगणी किंवा मांगरूळ. त्यानंतर गट क्रमांक, मोबाइल क्रमांक, वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा, आणि शेवटी उतारा पाहण्याचं बटण.

घरी बसून हेच करणाऱ्या अनेकांना एक अनुभव येतो. बटण दाबलं तरी काहीच घडत नाही. पुन्हा दाबलं, तरी तेच. ‘साइट बंद दिसतेय’ म्हणून माणूस नाद सोडतो. दुकानातला मुलगा मात्र पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला उमटलेल्या बारीकशा चिन्हावर जातो, ‘या साइटला पॉप-अप उघडू द्या’ असा पर्याय निवडतो आणि बटण पुन्हा दाबतो. उतारा वेगळ्या खिडकीत हजर.

जाहिरातींच्या खिडक्या ब्राउझर अडवतो ते कळण्यासारखं आहे. त्या आपण मागवलेल्या नसतात. इथे तर उतारा आपणच मागितला आणि बटणही आपल्याच बोटाने दाबलं. मग अडवणूक कशासाठी? याचं उत्तर समजून घेतलं, तर सातबाऱ्यापासून सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशोबापर्यंत स्क्रिप्टने बनवलेली सगळीच पानं अशी हटून का बसतात, ते उलगडतं.

मागितल्यावर जन्माला येणारं पान

आपल्याला वाटतं, प्रत्येक गटाचा उतारा एक तयार पान म्हणून कुठेतरी ठेवलेला असेल. तसं नसतं. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. तितकी पानं बनवून ठेवायची आणि प्रत्येक फेरफारानंतर बदलत बसायची, हा उद्योग परवडणारा नाही. साठवलेली असते ती फक्त माहिती: गाव नमुना ७ मध्ये येणारी खातेदारांची नावं, क्षेत्र, आकार, इतर हक्क आणि नमुना १२ मध्ये येणारी पिकं. ही माहिती तक्त्यांच्या रूपात सर्व्हरवर, म्हणजे आपली मागणी पुरी करणाऱ्या दूरच्या संगणकावर असते.

गट क्रमांक पाठवला की तिथला एक प्रोग्राम तेवढ्याच गटाच्या नोंदी उचलतो, ठरलेल्या साच्यात बसवतो आणि त्यातून एचटीएमएल तयार करतो. एचटीएमएल म्हणजे ‘इथे मथळा, इथे तक्ता, इथे बटण’ असं ब्राउझरला सांगणारी मजकुराची भाषा. कोणत्याही गावाचा, कोणत्याही गटाचा उतारा याच साच्यातून निघतो. माणसाने हाताने न लिहिता प्रोग्रामने रचलेलं हे पान, म्हणून त्याला स्क्रिप्टने तयार केलेला रिपोर्ट म्हणायचं. बँकेचं ऑनलाइन स्टेटमेंट, शाळेचा निकाल, कारखान्यातल्या स्टॉकचा रोजचा तक्ता हे सगळे याच जातीचे.

असे रिपोर्ट वेगळ्या खिडकीत उघडण्यामागे कारण आहे. मूळ पानावर आपण निवडलेला जिल्हा, तालुका, गाव तसंच राहतं, त्यामुळे शेजारचा गट पाहायचा असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. छापताना फक्त उतारा छापला जातो, वरचे मेनू आणि बटणं कागदावर येत नाहीत. दोन उतारे शेजारी शेजारी ठेवून ताडूनही पाहता येतात.

खिडकी उघडायची आज्ञा

ब्राउझरच्या आत चालणारी भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला. नवी खिडकी उघडण्याची ‘विंडो.ओपन’ ही आज्ञा तिच्यात अगदी सुरुवातीपासून आहे. या आज्ञेला तीन गोष्टी सांगता येतात.

पहिली, खिडकीत काय दाखवायचं त्याचा पत्ता. हा रिकामाही ठेवता येतो. मग कोरी खिडकी उघडते आणि तिच्यात मजकूर नंतर भरता येतो.

दुसरी, खिडकीचं नाव. ते वाचणाऱ्याला दिसत नाही, पण उपयोगी असतं. प्रत्येक वेळी ‘तपशील’ हेच नाव दिलं तर दहा क्लिक केले तरी एकच खिडकी वापरली जाते, फक्त आतला मजकूर बदलतो. दर वेळी वेगळं नाव दिलं तर दहा खिडक्या होतात.

तिसरी, आकार. रुंदी-उंची सांगितली तर डेस्कटॉपवर ब्राउझर छोटी स्वतंत्र खिडकी काढतो. काहीच सांगितलं नाही तर बहुतेक ब्राउझर नवा टॅब उघडून मोकळे होतात. मोबाइलवर छोट्या खिडकीला जागाच नसते, म्हणून तिथे आकार सांगूनही टॅबच मिळतो.

आज्ञा दिल्यावर ब्राउझर उत्तरही देतो. खिडकी उघडली असेल तर तिचा ताबा स्क्रिप्टच्या हाती येतो. अडवली असेल तर हाती ‘नल’ येतं, म्हणजे काहीच नाही. रिपोर्ट बनवणारे बरेच जण हे उत्तर तपासतच नाहीत. म्हणून खिडकी अडवली गेली तरी मूळ पानावर एका शब्दाचीही सूचना दिसत नाही आणि वापरणारा बटण दाबत राहतो.

विश्वास कसा उडाला

सुरुवातीला ब्राउझर ही आज्ञा कधीही, कितीही वेळा पाळायचा. पान उघडताच, बंद करताच, माउस नुसता फिरला तरी खिडकी. या सवलतीतून जाहिरातीची खिडकी निघाली ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. ट्रायपॉड ही कंपनी लोकांना मोफत वेबपानं बनवू द्यायची आणि त्यांवर जाहिराती लावायची. एका मोटार कंपनीची जाहिरात आक्षेपार्ह मजकुराच्या पानावर झळकली आणि ती कंपनी हादरली. जाहिरात पानावर न लावता वेगळ्या खिडकीत दाखवली, तर तिचा त्या पानाशी संबंध जोडला जाणार नाही, असा तोडगा निघाला. त्याचा प्रोग्राम लिहिला इथन झुकरमन यांनी. पुढे २०१४ मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकातल्या लेखात त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

पुढची काही वर्षं एक खिडकी बंद करावी तर मागे दोन उघडलेल्या, असा छळ चालला. ऑपेरा आणि मोझिला या ब्राउझरांनी पॉप-अप अडवण्याची सोय आधी दिली. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्येही ती आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या फायरफॉक्स १.० मध्येही होती. तेव्हापासून नियम उलटला. आधी सगळं खुलं होतं, आता कारण असेल तरच उघडायचं.

पण कारण आहे की नाही, हे ब्राउझरने ओळखायचं कसं? खिडकीत जाहिरात येणार की सातबारा, हे त्याला उघडण्याआधी कळत नाही. आपल्या मनात काय आहे तेही त्याला दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की माणसाने आत्ता काही दाबलं का.

गेटवरचा वॉचमन

सोसायटीच्या गेटवरचा कडक वॉचमन डोळ्यांसमोर आणा. फ्लॅटमालक स्वतः गेटपाशी उभं राहून ‘हे माझे पाहुणे’ म्हणाले की तो लगेच सोडतो. मालक वर निघून गेल्यावर कोणी येऊन ‘मला साहेबांनीच बोलावलंय’ म्हणू लागला, तर तो ऐकत नाही. तो माणूस खरं बोलत असेलही, पण वॉचमनकडे पडताळायला काही नाही.

ब्राउझर नेमकं असंच वागतो. माउसचं बटण दाबणं, कळफलकावरची कळ दाबणं, पडद्यावर बोट टेकवून उचलणं या कृतींना तो मालकाची हजेरी मानतो. नुसता माउस फिरवणं किंवा पान सरकवणं यांत मोडत नाही. एस्केपची कळही चालत नाही, कारण ती माणूस काहीतरी टाळण्यासाठी दाबतो. हजेरी लागल्यावर थोड्या वेळापुरती मुभा मिळते. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ती सुमारे ५ सेकंद टिकते. सफारी याहून कडक आहे. आणि एका हजेरीवर एकच पाहुणा: खिडकी उघडली की ती मुभा खर्ची पडते. एका क्लिकवर तीन उतारे तीन खिडक्यांत उघडायला गेलात, तर सहसा पहिला उघडतो आणि उरलेले दोन गेटबाहेर राहतात.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे पाहा. आपण बटण दाबलं त्या क्षणी खिडकी उघडली असती तर काही अडचण नव्हती. पण अशा संकेतस्थळांवर बऱ्याचदा मधे एक फेरी असते. बटण दाबलं की गट क्रमांक आणि कॅप्चा आधी सर्व्हरकडे जातात. सर्व्हर कॅप्चा तपासतो, नोंद शोधतो आणि उत्तर पाठवतो. त्या उत्तरात ‘आता खिडकी उघड’ ही आज्ञा असते. नेट मंद असेल किंवा सर्व्हरवर गर्दी असेल तर एवढ्यात ५ सेकंद सहज उलटतात.

काही वेळा तर उत्तरादाखल संपूर्ण पानच नव्याने येतं. मग सेकंद मोजण्याचाही प्रश्न उरत नाही. आपण क्लिक केला होता तो जुन्या पानावर. नवं पान आलं तेव्हा त्याच्यावर कोणी काहीच दाबलेलं नाही. हजेरीच नाही, म्हणून खिडकी नाही.

कोडं इथे सुटतं. ब्राउझर आपल्या क्लिकवर शंका घेत नाही. क्लिक आणि खिडकी यांचा संबंध त्याच्या दृष्टीने मधल्यामध्ये तुटलेला असतो. आणि कधी उघडते, कधी नाही, असं का होतं तेही यातून कळतं: सर्व्हर झटपट उत्तर देतो तेव्हा मुभा शिल्लक असते, तो रेंगाळतो तेव्हा ती संपते.

स्वतःचा रिपोर्ट बनवताना

आता स्वतः रिपोर्ट बनवणाऱ्यांकडे वळू. समजा एका सोसायटीत ६० फ्लॅट आहेत. कोणीतरी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती एक्सेलमधला हिशोब वाचते आणि थकबाकीचं एक एचटीएमएल पान बनवते. पानावर ६० ओळी, आणि फ्लॅट क्रमांकावर क्लिक केलं की त्या फ्लॅटच्या महिनावार पावत्या छोट्या खिडकीत दिसायला हव्यात. यात चार ठिकाणी पाय घसरतो.

एक : अवतरणचिन्हांची गुंतागुंत. सोपा वाटणारा मार्ग म्हणजे प्रत्येक ओळीवर ‘क्लिक केल्यावर हे कर’ अशी आज्ञा लिहिणं आणि तिच्यातच सदस्याचं नाव, रक्कम घालणं. पण इथे तीन भाषा एकमेकींच्या पोटात असतात. पायथनचा मजकूर, त्यात एचटीएमएल, त्यात जावास्क्रिप्ट. आणि तिघींनाही मजकूर कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे अवतरणचिन्हांनी सांगावं लागतं. सदस्याचं आडनाव ‘डि'सोझा’ असेल तर त्यातलं चिन्ह पाहून जावास्क्रिप्टला वाटतं, मजकूर संपला. ५९ ओळी बरोबर चालतात आणि ती एक ओळ मुकी होते. उपाय असा, की ओळीवर फक्त फ्लॅट क्रमांक नोंदवायचा (एचटीएमएलमध्ये त्यासाठी ‘डेटा’ ने सुरू होणारे गुणधर्म असतात) आणि सगळा तपशील पानात एकाच ठिकाणी यादीच्या रूपात ठेवायचा. क्लिक ऐकण्याची आज्ञाही ६० वेळा न लिहिता अख्ख्या तक्त्यावर एकदाच लावायची. कोणत्या ओळीवर क्लिक झाला हे ब्राउझर स्वतः सांगतो.

दोन : आधी खिडकी, मग मजकूर. वॉचमनचा नियम इथे कामी येतो. तपशील पानातच असेल तर क्लिकबरोबर खिडकी उघडून तो लिहून टाकता येतो. तपशील सर्व्हरवरून आणायचा असेल तर क्रम उलटा करा. क्लिक होताच कोरी खिडकी उघडा, तिच्यात ‘थांबा, माहिती येत आहे’ एवढं लिहा आणि उत्तर आलं की मजकूर भरा. खिडकी हजेरीच्या क्षणी उघडलेली असल्याने कोणी अडवत नाही. उत्तर यायला ५ सेकंद लागोत की १५, फरक पडत नाही.

तीन : मराठी अक्षरांचं कडबोळं. मूळ पानावर मराठी नीट दिसतं आणि पॉप-अपमध्ये मात्र नावांच्या जागी रोमन अक्षरं आणि विचित्र चिन्हांची रांग. हे सहसा वेगळी फाइल पॉप-अपमध्ये उघडताना होतं. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटांत साठवतात. पान त्या पद्धतीत लिहिलंय हे सांगितलं नाही तर ब्राउझर अंदाज बांधतो आणि प्रत्येक बाइट सुटा वाचू लागतो. उघडणाऱ्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर यूटीएफ-८ ची एक ओळ लिहिणं आणि फाइलही त्याच पद्धतीत साठवणं, एवढाच उपाय.

चार : फाइल आणि साइट यांतला फरक. असा रिपोर्ट अनेकदा साइटवर नसतो. तो पेनड्राइव्हवरून किंवा ईमेलने फिरतो आणि दोनदा क्लिक करून उघडला जातो. तेव्हा ब्राउझरचे नियम अधिक कडक होतात. एका फाइलमधल्या स्क्रिप्टला शेजारची दुसरी फाइल वाचायला तो सहसा मनाई करतो, नाहीतर कुठूनही आलेलं एचटीएमएल आपल्या संगणकातली कागदपत्रं चाळू शकलं असतं. म्हणून ६० फ्लॅटांच्या ६० फाइली करून त्या वाचत बसण्यापेक्षा सगळा तपशील एकाच फाइलमध्ये ठेवणं बरं. मोबाइलवर ईमेलमधली जोडलेली फाइल नुसती चाळून पाहण्याची जी सोय असते, तिच्यात तर स्क्रिप्ट चालेलच याची खात्री नसते. त्यासाठी महत्त्वाचे आकडे मूळ तक्त्यातच दिसतील अशी रचना हवी.

यासोबत एक खबरदारी. एक्सेलमधला मजकूर जसाच्या तसा पानात ओतू नये. ‘शेरा’ रकान्यात कोणी कोनी कंस टाकले तर ब्राउझर तो मजकूर न मानता एचटीएमएलची आज्ञा मानतो. पानाची मांडणी मोडणं हा त्यातला किरकोळ धोका. कोणी मुद्दाम स्क्रिप्ट घुसवली तर तीही चालू होते. अशी चिन्हं बदलून निरुपद्रवी करण्याची सोय पायथनमध्ये तयार मिळते. ती वापरावी.

खिडकी हवीच का?

पुष्कळदा नको असते. थकबाकीचा तपशील पाहून लगेच बंद करायचा असेल, तर वेगळी खिडकी उघडण्याची गरजच नाही. एचटीएमएलमध्ये ‘डायलॉग’ नावाचा घटक आहे. तो त्याच पानावर, बाकीचा मजकूर मंद करून, मधोमध एक चौकट दाखवतो. मार्च २०२२ पासून तो सर्व प्रमुख ब्राउझरांत चालतो. ती चौकट म्हणजे पानाचाच भाग, बाहेरून कोणी येत नसल्याने परवानगीचा प्रश्नच उद्भवत नाही. मोबाइलवरही ती नीट दिसते. त्याहून साधा घटक म्हणजे ‘डीटेल्स’. ओळीवर क्लिक केलं की तिच्याखालीच तपशील उलगडतो, आणि त्यासाठी जावास्क्रिप्टची एक ओळही लिहावी लागत नाही.

मग वेगळी खिडकी कधी? जेव्हा तो तपशील स्वतंत्र कागद म्हणून छापायचा असतो, जेव्हा दोन नोंदी शेजारी ठेवून पाहायच्या असतात, किंवा मूळ पानावर काम चालू ठेवून संदर्भ उघडा हवा असतो. सातबारा या तिन्हींत बसतो. मेंटेनन्सची पावती बहुधा फक्त पहिल्यात.

वापरणाऱ्याने काय करावं

परवानगी द्यायची ती एका साइटपुरती. संगणकावरच्या क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावरून ती देता येते. अँड्रॉइडवर क्रोमच्या सेटिंग्जमधल्या साइट सेटिंग्जमध्ये पॉप-अपचा पर्याय आहे, तर आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये पॉप-अप रोखण्याचं बटण आहे. ते बटण सगळ्याच साइटींना लागू होतं, म्हणून काम झाल्यावर पुन्हा चालू करावं. परवानगी देण्याआधी पत्ता वाचावा. सरकारी भूमी अभिलेखाच्या पत्त्याचा शेवट ‘महाभूमी.गव्ह.इन’ असा रोमन लिपीत असतो. मिळत्याजुळत्या नावाच्या खासगी साइटी पुष्कळ आहेत. ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा’ म्हणणारी खिडकी कुठेही उघडली तरी ती बंद करायची, फोन करायचा नाही.

आणि विनामूल्य पाहायला मिळणारा उतारा हा माहितीपुरता असतो. कायदेशीर कामाला डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लागतो. १ मे २०१८ पासून तो ऑनलाइन मिळतो आणि त्यासाठी १५ रुपये शुल्क आहे.

चौकट : थोडक्यात

• रिपोर्ट तयार ठेवलेला नसतो. मागणी आल्यावर प्रोग्राम तो नोंदींतून रचतो.
• क्लिकच्या क्षणी उघडलेली खिडकी ब्राउझर सहसा सोडतो. उशिरा उघडू पाहणारी अडवतो.
• क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ही मुभा सुमारे ५ सेकंदांची, आणि एका क्लिकला एकच खिडकी.
• माहिती उशिरा येणार असेल तर आधी कोरी खिडकी उघडावी, मग भरावी.
• खिडकी अडवली गेली तर पानावर तसं सांगावं आणि तपशिलाचा साधा दुवाही द्यावा.
• नुसता तपशील दाखवायचा असेल तर ‘डायलॉग’ किंवा ‘डीटेल्स’ पुरे.

बनवणाऱ्याला दोष का दिसत नाही

एक प्रश्न उरतो. इतका जुना आणि माहीत असलेला दोष नव्या रिपोर्टांमध्येही का सापडतो? कारण तो बनवणाऱ्याच्या संगणकावर उमटतच नाही. चाचणी घेताना पहिल्याच दिवशी त्याने आपल्या ब्राउझरमध्ये परवानगी दिलेली असते आणि ब्राउझर ती लक्षात ठेवतो. शिवाय सर्व्हर त्याच्याच टेबलावर किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर असतो, त्यामुळे उत्तर क्षणात येतं आणि मुभा संपतच नाही. त्याच्यासमोर खिडकी दर वेळी उघडते. अडते ती मंद नेटवर पहिल्यांदाच आलेल्या माणसासमोर.

म्हणून रिपोर्ट पाठवण्याआधी तो ज्या ब्राउझरमध्ये कधीच परवानगी दिलेली नाही अशा ब्राउझरमध्ये उघडावा, सर्व्हरचं उत्तर मुद्दाम दहा सेकंद लांबवावं आणि मगच क्लिक करून पाहावं. तेव्हाही खिडकी उघडली, तर ती कुठेही उघडेल.